डागाचं पान

१

उस्ताद नजीबांचं पत्र शुक्रवारी गेलं आणि शनिवारी दुपारपर्यंत आम्ही महादूला चोर ठरवून मोकळे झालो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी हुशारी सांगायला लागलो की तुमच्या लक्षात असू द्या.

साल १९९६. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या बनवायची. मी, परेश सामंत, तिथला पीआरओ. नाव भारदस्त, काम एकच: माणसांचे पासपोर्ट काखोटीला मारून लेबर ऑफिस आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं. सगळ्यांचे फॉर्म मीच भरायचो. कोणाचं गाव कुठलं, बापाचं नाव काय, सगळं मला तोंडपाठ. त्यात रहस्यकथा वाचायचा नाद, त्यामुळे आपण एक वाया गेलेला डिटेक्टिव्ह आहोत असा माझा ठाम समज होता.

उस्ताद हैफाचे पॅलेस्टिनी, वय बहात्तर, कंपनीचे जुने स्टोअरकीपर. काम सुटलं तरी मालकाने त्यांना कंपाउंडमधल्या दोन खोल्या राहू दिल्या होत्या. मुलगी सुरैय्या शाळेत अरबी शिकवायची. उस्तादांकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात पलटणीतलं पेबुक, म्हणजे पगाराचं पुस्तक, एक फोटो, सुरैय्याच्या आईच्या बांगड्या आणि ते पत्र. दर गुरुवारी उस्ताद डबा उघडायचे, पत्र हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. शुक्रवारी संध्याकाळी सुरैय्याने बांगड्या काढायला डबा उघडला तर बांगड्या होत्या, फोटो होता, पेबुक होतं. पत्र नव्हतं.

शुक्रवारी त्या खोलीत तीन माणसं येऊन गेली होती. महादू एसीखालची गळती बुजवायला आला होता. फोरमन मुश्ताक मासळी द्यायला आला. आणि ड्रॉइंग ऑफिसमधला सतीश नवगावकर पेपर वाचून दाखवायला. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून सतीश दर शुक्रवारी जायचा.

तिघांतला लेबर कोण? महादू. झालं. शनिवारी त्याची ट्रंक सगळ्या कॅम्पसमोर उपडी केली. दोन बनियन, नर्मदेची, म्हणजे त्याच्या बायकोची, पत्रं आणि गोळ्यांची पाकिटं बाहेर पडली. महादू खाली बसून एकेक उचलत होता आणि मी यादी करत होतो. मॅनेजर शौकतसाहेब हैदराबादचे, तसे मऊ माणूस, पण मालकाचा फोन येऊन गेला होता. "परेश, इसका पासपोर्ट निकालो. मंगल को कॅन्सल," म्हणाले.

महादू माझ्यामागे गेटपर्यंत आला. "साहेब, गावाला काय म्हणून जाऊ? चोर म्हणून? पोरीचं लग्न ठरलंय माझ्या."

मी म्हटलं, "बघतो." आणि मनात म्हटलं, परेश, हीच ती केस.

२

उस्ताद आमच्याशी हिंदीत बोलायचे, मध्येमध्ये अरबी. मी मराठीत सांगतो.

"त्या पत्रात होतं काय?" मी विचारलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"वाचता येत नाही. हिब्रूत आहे."

सुरैय्या आतून म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं सांभाळलंय. गेलं ते बरं झालं."

उस्तादांनी फोटो माझ्या हातात दिला. खाकी हाफपँटमधली दोन पोरं, बंदुका उभ्या धरलेल्या, दोघंही उन्हाने डोळे बारीक केलेली. डावीकडचा नजीब. उजवीकडचा एझ्रा.

महायुद्धात इंग्रजांनी पॅलेस्टाइनमध्ये पायदळ पलटण उभी केली होती. ज्यू आणि अरब, दोन्हीकडची पोरं आपणहून भरती झाली. कंपन्या वेगळ्या, तंबू वेगळे, पण दारूगोळ्याच्या डेपोवर पहाऱ्याला माणसं कमी पडली की एकत्र उभं करायचे. नजीब आणि एझ्रा असे महिनोन्महिने जोडीने उभे राहिले. भाषा एकमेकांची येत नव्हती. परेडच्या पन्नास इंग्रजी शब्दांवर भागायचं. एझ्राने त्याला आपलं नाव हिब्रूत लिहायला शिकवलं, नजीबने त्याला अरबीत.

"एका पहाटे मला झोप लागली," उस्ताद म्हणाले. "जाग आली तेव्हा आमच्या मागच्या शेडमधल्या सहा रायफली गेलेल्या. एझ्रा त्या वेळी पाणी आणायला गेला होता. कोर्ट मार्शल झालं. मला लष्करी तुरुंग, मग नावच काढून टाकलं. घरी आलो तर वडील कॉफीच्या दुकानात जायचे बंद झाले. लोक विचारायचे ना, की तुमचा तो झोपलेला कुठे आहे?"

सुरैय्याने चहाचा पेला माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला. उस्ताद तिच्याकडे न बघता बोलत राहिले.

"अठ्ठेचाळीसच्या वसंतात हे पत्र दाराखालून आलं. खाली एझ्राचं नाव, तेवढं ओळखलं. आठ दिवसांत आम्हाला हैफा सोडावं लागलं. नंतर दाखवणार कोणाला? बैरूतला? कुवेतला? इथे? कोणाला म्हणू, की मला एका ज्यू माणसाचं पत्र वाचून द्या?"

"त्यात काय असेल असं वाटतं?"

"शिव्या," उस्ताद म्हणाले. "दुसरं काय असणार? पण माझ्या आहेत. माझ्या मला पाहिजेत."

मी पत्राचं वर्णन विचारलं. तीन सुटी पानं, टाचणीने टोचलेली, सुटी सुटी मोठी अक्षरं, आकडा एकही नाही. हैफा सोडताना ट्रकमध्ये टाचणी निघाली, पानं विस्कटली. नाव असलेलं पान शेवटचं हे कळत होतं. उरलेल्या दोनांत त्यांनी अंदाजाने एक वर ठेवलं. त्यावर तेलाचा डाग होता. डागाचं पान वर, अठ्ठेचाळीस वर्षं.

३

मुश्ताक म्हसळ्याचा. त्याला विचारलं तर उखडलाच. "परेशभाय, मला कशाला पायजे ते? मी तर म्हाताऱ्याला सांगितलेलं, जाळून टाक ते, घरात नको. पन चोरेन होय?"

"जाळलंस तर नाहीस ना?"

"जा रे, मासे दिले नि नमाजाला गेलो. विचार मशिदीत."

मशिदीत विचारलं. खरं होतं.

सुरैय्याला विचारलं. तिने सरळ कबूल केलं की अनेकदा फाडून टाकावंसं वाटलं. "पण बाबा त्या डब्याला कुलूप लावत नाहीत," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास आहे म्हणून. मग कशी फाडू?"

सतीशला विचारलं. पस्तिशीचा, मुखदुर्बळ पोरगा, ड्रॉइंगच्या टेबलावर मान घालून बसायचा. म्हणाला, "मी पेपर वाचला आणि निघालो. महादूने नाही घेतलं, सामंतसाहेब. एवढं नक्की."

"नक्की कशावरून?"

"त्याला काय करायचंय त्याचं?" तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला. टोक आधीच होतं.

घरी आलो. जेवायला कोळंबी होती. बायकोला, ममताला, सगळं सांगत होतो. काव्या मध्येच म्हणाली, "पपा, यू आर नॉट अ डिटेक्टिव्ह." कार्टीला मराठीत बोलायला सांगून आम्ही थकलो होतो.

"सतीशला द्यायची का डब्यातून थोडी कोळंबी?" मी विचारलं. तो एकटाच राहायचा.

"तो खातो कुठे," ममता म्हणाली. "ॲलर्जी आहे म्हणतो. गेल्या वेळी कुर्ल्या दिल्या, त्या परत. मोरी माशाचं मटण दिलं, तेही परत. सुरमई नि पापलेट मात्र चाटूनपुसून."

मी हसलो आणि विसरलो.

४

रविवारी सकाळी पत्र परत आलं. सुरैय्याला खिडकीच्या कट्ट्यावर, उस्तादांच्या चष्म्याखाली सापडलं. आता महादू सुटला असं मला वाटलं, पण मालक फोनवर म्हणाला, चोर घाबरला, एवढंच. मंगळवार कायम.

मी पत्र बघायला गेलो. उस्तादांनी ते हातात धरलं होतं आणि चाचपत होते.

"हबीबी, काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. "डागाचं पान वर नाही."

डागाचं पान मधे होतं. टाचणी जुन्याच गंजक्या भोकांतून नीट, जपून घातलेली होती.

मी तिथेच खाली बसलो. पान पडलं असतं, विस्कटलं असतं, तर टाचणी अशी कोणी घातली नसती. ज्याने घातली त्याने पानं मुद्दाम बदलली होती. आणि पानांचा क्रम कोण लावतो? ज्याला मजकूर वाचता येतो तो. उस्तादांनी अंदाजाने लावलेला क्रम चुकीचा होता, आणि त्यांची ती चूक कोणीतरी, बहुतेक नकळत, दुरुस्त केली होती. वाचता वाचता आपण पानं सरळ करतोच की.

म्हणजे आमच्या कंपाउंडमध्ये हिब्रू वाचणारा माणूस होता.

महादूला मराठी वाचतानाच घाम फुटायचा. मुश्ताक उर्दू-अरबी वाचायचा, पण हिब्रू वेगळी. घरी येऊन मी ममताला म्हटलं, "एकच उरतो. पण नवगावकर? अलिबागकडचा हिंदू पोरगा. मीच भरलाय त्याचा फॉर्म."

ममता भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले. "त्याची बहीण बाळंत झाली तेव्हा त्याने डबा दिला होता, आठवतं?"

"हो. सत्यनारायणाचा प्रसाद."

"प्रसाद तू म्हणालास. तो काही बोलला नव्हता. सत्यनारायणाला शिरा असतो. ते भिजवलेले पोहे होते, नारळ, साखर, खजूर, पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. मी रेवदंड्याची आहे रे. आमच्या शेजारी शनवार तेली राहायचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात काही चांगलं झालं की मलिदा करायचे. असाच. कोळंबी, कुर्ल्या, मोरी त्यांनाही चालत नसे. खवले असलेला मासाच खायचे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"डबा उघडला तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"त्याने सांगितलं नव्हतं," ममता म्हणाली. "हे बघ, त्याला एकट्याला गाठ. महादूचं तोच निस्तरेल, तसा पोरगा आहे तो. चारचौघांत काही बोलू नकोस. या देशात त्याला राहायचंय."

"हो हो," मी म्हटलं. खरं सांगतो, मी ऐकतच नव्हतो. उद्या केबिनमध्ये पहिलं वाक्य काय टाकायचं, ते मी मनात जुळवत होतो.

५

सोमवारी अकरा वाजता मी सगळ्यांना शौकतसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. उस्ताद, सुरैय्या, मुश्ताक, सतीश. महादू आधीच तिथे होता. खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवून खात होता.

ज्याचा उद्या व्हिसा कॅन्सल व्हायचा तो लेबर मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्चीत बसून चहा पितोय. डिटेक्टिव्हला ते दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही.

"परेश," शौकतसाहेब म्हणाले, "सुनो, इसकी ज़रूरत नहीं. बात खलास है."

"एक मिनिट, साहेब," मी हात वर करून म्हटलं. आणि सुरू झालो.

डागाचं पान सांगितलं. टाचणीची भोकं सांगितली. मुश्ताकला बाजूला काढला, सुरैय्याला काढली, महादूला तर असा काढला की तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. शौकतसाहेब पुन्हा म्हणाले, "परेश, बस करो." मी म्हटलं, "झालंच, साहेब." मग कोळंबीवर आलो. "ॲलर्जी एका गोष्टीची असते," मी म्हटलं, "यादीची नसते." हे वाक्य मी सकाळी दाढी करताना तयार केलं होतं.

सतीशने तेव्हा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काव्या लहान असताना मी इंजेक्शनला तिचा हात धरायचो तेव्हा ती बघायची, तसं. मी थांबायला हवं होतं. तिथेही थांबता आलं असतं. पण मलिदा उरला होता ना.

मलिदाही सांगितला. "म्हणून, नवगावकर," मी म्हटलं, "तू ज्यू आहेस. पत्र तू घेतलंस, कारण इथे ते वाचता येणारा तू एकटा आहेस."

दाराबाहेर ऑफिसचे दोघंतिघं उभे होते. मुश्ताक आपल्या चपलांकडे बघत होता.

शौकतसाहेब सावकाश म्हणाले, "ये सुबह आठ बजे मेरे पास आया था. बोला, अखबार के साथ चिठ्ठी मेरे घर चली गई, ग़लती मेरी, महादू का कुछ नहीं. मैंने मालिक को फ़ोन कर दिया. महादू का काम हो चुका था, परेश. मैं समझा तुम भी इतना ही बोलोगे."

महादूचा कप खाली होता. बशीत बिस्किटाचा चुरा होता. मी त्या चुऱ्याकडे बघत उभा राहिलो. लाज वाटली म्हणजे कान तापतात असं म्हणतात. माझे पाय गार पडले होते.

६

उस्ताद खुर्चीतून वाकले. "सतीश. वाचलंस?"

"हो, उस्ताद." सतीशने खिशातून पत्राच्या भाषांतराचा कागद काढला. मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेला, खाली नाव नसलेला. "मी हे तुमच्या डब्यात ठेवणार होतो. कोणाचं म्हणून कळलं नसतं. रविवारी हिंमत झाली नाही, नुसतं पत्रच ठेवलं. त्या दिवशी चष्मा शोधताना डबा उघडला आणि अक्षरं दिसली. एकोणिसाव्या वर्षी आईवडिलांबरोबर मी तिकडे गेलो होतो. दोन वर्षं राहिलो, जमलं नाही, परत आलो. म्हणून वाचता येतं. विचारून घ्यायला हवं होतं. पण विचारलं असतं तर..."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पुढे महादूला म्हणाला, "दोन दिवस तुझी ट्रंक उघडी पडलेली बघितली आणि गप्प बसलो. माफ कर मला."

"असू द्या, भाऊ," महादू म्हणाला. तो त्याला आधी साहेब म्हणायचा.

"वाच," उस्ताद म्हणाले. "सगळ्यांसमोर. आता लपवायचं काय राहिलंय?"

सतीशने हिंदीत वाचून दाखवलं. मला आठवतं ते असं.

'नजीब, ही चिठ्ठी तुझ्या भाषेत लिहायला कोणाला सांगू शकत नाही, कारण मग त्यालाही कळेल. कोणीतरी तुला वाचून देईल. त्या पहाटे तू झोपला नाहीस. मी तुला झोपवलं. दवाखान्यातून झोपेची पूड आणून तुझ्या चहात घातली. रायफली आमच्या लोकांना पाहिजे होत्या. मी पाणी आणायला गेलो नव्हतो, गाडीत भरून देत होतो. कोर्टात तू म्हणालास की चूक माझी, एझ्रा चांगला शिपाई आहे. मी समोर उभा होतो आणि बोललो नाही. मला पदक मिळालं, ते मी घालत नाही. तुझ्या वडिलांना हे वाचून दाखव. मग मला वाट्टेल ते म्हण.'

सुरैय्याने तोंडावर ओढणी धरली होती.

"ते परत वाच," उस्ताद म्हणाले. "झोपण्याचं."

"तू झोपला नाहीस. मी तुला झोपवलं."

"वडील बावन्न साली गेले," उस्ताद म्हणाले. "डबा त्यांच्या उशाशीच असायचा."

सुरैय्या त्यांना धरून उठवायला लागली. दाराशी ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आभार मानतील. एवढं होऊनही वाटलं, बघा.

"एझ्राला खरं सांगायला पाच वर्षं लागली," ते म्हणाले. "पण त्याने स्वतःचं सांगितलं. तुम्ही या पोराचं सांगितलंत."

७

त्यापुढे फार काही घडलं नाही. कोणी तक्रार केली नाही, कोणी काही म्हणालं नाही. फक्त मेसमध्ये सतीशच्या टेबलाशी माणसं बसेनाशी झाली. दोनदा कोणीतरी त्याला विचारलं की तिकडे गेला होतास ते या पासपोर्टवर आहे का. नव्हतं, ते जुन्या पासपोर्टवर होतं. पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. मी त्याच्या खोलीवर दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने दार उघडलं, या म्हणाला, पाणी दिलं. मी पाणी पिऊन, माफी न मागताच परत आलो. तिसऱ्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला.

त्याचा व्हिसा कॅन्सल करायचं काम अर्थातच माझं होतं.

टायपिंग सेंटरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. टायपिस्टने जुना फॉर्म बघायला मागितला. मी फाइल उघडली. एक्क्याण्णव सालचा फॉर्म, माझं अक्षर. नाव सतीश एस. नवगावकर. बापाच्या नावाचं 'एस' म्हणजे काय ते मी विचारलं नव्हतं. धर्माच्या रकान्यात मी 'हिंदू' लिहिलं होतं. आडनावाला 'कर' बघितलं आणि लिहून मोकळा झालो. तो तेव्हा माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि काही बोलला नव्हता. पाच वर्षं तो माझ्या त्या एका चुकीच्या आडोशाला राहिला होता.

"रिलिजन?" टायपिस्टने विचारलं.

मी सतीशकडे वळलो. "काय लिहू?" मी विचारलं. पहिल्यांदाच विचारत होतो.

"तुम्ही आधी लिहिलंत तेच," तो म्हणाला. "एअरपोर्टपर्यंत पुरेल."

मी टायपिस्टला 'हिंदू' सांगितलं. त्याने टाइप केलं आणि कागद सहीसाठी आमच्यापुढे सरकवला.